काळी चारचं गाणं आणि सोळा चौकटी

हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, गाणं कधी कमी पडलं नाही. परमेश्वर मंदिराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत भजनी मंडळं रात्र रात्र जागत. भीमजयंतीला गायन पार्ट्या येत. तांड्यांवर तीजेच्या दिवसांत गोरमाटी बायका गात आणि माहूरकडचे गोंधळी संबळ वाजवत गावोगाव फिरत. मी पेटी वाजवतो, या सगळ्यांच्या साथीला बसलो आहे. कमी होती ती हे गाणं धरून ठेवायची सोय. आता ती घरोघरी आली आहे. गावातली पोरं येऊन विचारतात, "काका, घरी स्टुडिओ टाकायचा आहे, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" या प्रश्नाला एका नावाचं उत्तर देणं मला जमत नाही. सोय कुठून आली आणि येताना तिनं गाण्याचं काय केलं, हे आधी सांगावं लागतं.

हिंदुस्थानात व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ साली, कलकत्त्यात. ध्वनिमुद्रक फ्रेडरिक गायस्बर्गनं गायिका गौहर जानचा आवाज तबकडीत घेतला तेव्हा. पुढची कित्येक दशकं तबकडी काढणारी कंपनी प्रामुख्यानं एकच होती, आणि तिथपर्यंत आमच्याकडचा माणूस पोचणं अवघड. रेडिओचंही तसंच. आम्ही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. हैदराबादचा डेक्कन रेडिओ १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाला, नंतर औरंगाबाद, परभणी, नांदेड अशी केंद्रं जवळ येत गेली. पण केंद्रावर गायचं तर आवाजाची चाचणी द्यावी लागे, वेळ ठरलेली असे, आणि झालेलं मुद्रण केंद्राच्या कपाटात राही. गाणाऱ्याच्या घरी काहीच येत नसे.

ते कॅसेटमुळं बदललं. १९८०च्या दशकात टू-इन-वन स्वस्त झाले आणि टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्यांनी बाजार उलटापालटा केला. पीटर मॅन्युएल या अमेरिकी अभ्यासकानं १९९३ साली 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तकच त्यावर लिहिलं. आमच्या बसस्थानकाजवळच्या टपऱ्यांवर प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद शिंदे यांच्या कॅसेटी असत. वामनदादा कर्डकांची गाणी तोवर वहीतून आणि तोंडातून फिरत होती, ती आता दुकानातून फिरू लागली. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कोरी कॅसेट मिळू लागली. मंडळाच्या मधोमध उशीवर टू-इन-वन ठेवायचा. मुख्य गाणारा जवळ, पेटी त्याच्या बाजूला, टाळकरी मागं आणि पखवाजवाला भिंतीशी. कोण किती अंतरावर बसला यावरच आवाजाचा तोल ठरे. चुकलं तर अभंग पहिल्यापासून. ती मुद्रणं खरखरीत होती, प्रतीवरून प्रत काढली की खरखर आणखी वाढे. पण लय गाणाऱ्याच्या हातात होती. अभंग संथ सुरू होऊन शेवटी चढत जाई, आणि तो चढ कॅसेटमध्ये जसाच्या तसा उतरे.

त्याच काळात जगात दुसरंच काही घडत होतं. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेनं जोडून दाखवले गेले. एकाची पट्टी दाबली की दुसऱ्यातून आवाज येई. डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानं झालेला तो 'मिडी' नावाचा करार. मिडीतून आवाज जात नाही, कुठला सूर, केव्हा, किती जोरात, एवढाच हुकूम जातो. तो हुकूम कॉम्प्युटरला साठवता येतो, खोडता येतो, मागंपुढं सरकवता येतो. हेच काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे सीक्वेन्सर. १९८५च्या अटारी एसटी कॉम्प्युटरला मिडीचं भोक जन्मजात होतं. १९८७ साली डॉसवर 'केकवॉक' आलं, १९८९ साली अटारीवर 'क्यूबेस'. खरा आवाज आणि मिडी एकाच पडद्यावर हाताळणं घरच्या माणसाच्या आवाक्यात यायला नव्वदीचं दशक उलटावं लागलं.

आमच्याकडं कॉम्प्युटरच्या आधी आले कॅसिओ आणि ऑक्टोपॅड. जोडणीचा कॉम्प्युटर, विंडोज एक्सपी आणि 'कूल एडिट' हे त्यानंतर, २००० उलटल्यावर. तेव्हा लोडशेडिंग असं होतं की गाणं रंगात आलं की वीज जाई. यूपीएस फाइल सेव्ह करण्यापुरता टिके. पोरांनी सॉफ्टवेअर निवडलं असं म्हणता येणार नाही. दुकानदाराकडं जी सीडी होती ती पडली, बहुतेक वेळा परवान्याशिवाय. ज्याला जे येत होतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवलं. असं करत करत आमच्या भागात एक नाव रुजलं, 'फ्रूटी लूप्स'.

बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीत दिदिए दांब्राँ यानं १९९७ साली ते लिहायला घेतलं. २००३ मध्ये त्याचं नाव एफएल स्टुडिओ झालं. ते साध्या मशीनवर पळतं, आणि एकदा विकत घेतलं की पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत आणि मी त्याला नावं ठेवत नाही. आमच्या कितीतरी डीजेंची रोजीरोटी त्यावर चालली. पण ते जन्माला आलं ढोल-ताशाच्या यंत्रासारखं. उघडलं की समोर एका ओळीत सोळा चौकटी, हवी ती पेटवायची. आठ मात्रांचा भजनी ठेका त्यात बरोबर बसतो. दादऱ्याच्या सहा मात्रांना बारा चौकटी हव्यात, रूपकच्या सातांना चौदा. सॉफ्टवेअरमध्ये तो बदल करता येतो, पण समोर सोळा दिसत असताना करतो कोण? माझ्यासमोर दादऱ्यातली गाणी केरव्यात बसवली गेली. तीजेच्या गाण्याला हात लांबवून झोका घ्यायची सवय असते, तो झोका कापला गेला. अभंगाचा चढही गेला, कारण टेम्पोचा आकडा एकदा टाकला की शेवटपर्यंत तो कुणी हलवत नसे.

पट्टीचंही तसंच. आमचा गाणारा म्हणतो, "काळी चार द्या." कॉम्प्युटरच्या हिशेबात तो जी शार्प. पण मंडळाची पेटी जुनी, तिचे सूर वर्षानुवर्षांत सरकलेले. कॉम्प्युटरचं वाद्य मात्र ४४० कंपनांच्या मोजमापावर ठाम. दोन्ही एकत्र वाजले की कानाला बोचतं. मग पेटी बाजूला ठेवली जाते आणि कीबोर्ड घेतला जातो. खरं तर सॉफ्टवेअरमधल्या वाद्याची पट्टी काही सेंट खाली-वर करणं हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. एका काळी-पांढरीच्या अंतरात शंभर सेंट असतात.

सॉफ्टवेअर आपल्या तालातून जन्मूच शकत नाही असं नाही. १९८०च्या दशकात जेम्स किपन हे संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचा तबला शिकत असताना बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासोबत 'बोल प्रोसेसर' लिहिला. तबल्यातल्या 'कायदा' या रचनेचे बोल कुठल्या नियमानं फिरतात ते ॲपलच्या छोट्या कॉम्प्युटरला शिकवायचा तो प्रयत्न. यंत्रानं केलेले पलटे, म्हणजे त्या बोलांचे फेरफार, उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्यापुढं ठेवले जात आणि ते चूक-बरोबर सांगत. पुढं याच बेल यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. आधी माणसाचं ऐकायचं, मग यंत्राला कामाला लावायचं, हा क्रम मला बेल यांच्याकडं दिसतो आणि तोच आपल्या घरच्या स्टुडिओत असावा असं माझं ठाम मत आहे.

म्हणून मी पोरांना विचारतो, तुझं काम कुठलं? वरातीचा ठेका आणि रिमिक्स करायचा असेल तर एफएल स्टुडिओ बिनधास्त घे. विकत घे. फुकटच्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडत नाही. एका माइकवर आजीचं गाणं घ्यायचं असेल तर ऑडॅसिटी पुरतं, ते फुकट आहे. मंडळ, पार्टी, गोंधळ घ्यायचा असेल तर मी रीपर सांगतो. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकलनं ते २००६च्या सुमारास बाजारात आणलं. घरगुती परवाना ६० डॉलरचा, साठ दिवस पूर्ण वापरून बघता येतं, आणि सेटअपची फाइल इतकी लहान की मोबाइलच्या नेटवरही उतरते. मुख्य म्हणजे त्यात आधी मंडळाला मोकळं गाऊ द्यायचं, मग गाण्याच्या ठोक्यांवर टेम्पोच्या खुणा टाकत जायचं. ग्रिड, म्हणजे चौकटींची आखणी, गाण्यामागं येते. क्यूबेसमध्येही हे होतं, पण त्याची किंमत आपल्याकडं सगळ्यांना झेपत नाही.

गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देऊ नका. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना बफर, म्हणजे एका खेपेला साठवायचे नमुने, १०२४चा असेल तर नुसत्या बफरमुळं एका बाजूनं २३ मिलिसेकंद जातात. तो १२८वर आणला की तीनच. साध्या साउंड कार्डाला 'एसिओ फॉर ऑल' हा फुकटचा ड्रायव्हर टाकला तरी फरक पडतो. चांगला माइक आणि दारं-खिडक्यांवर गोधड्या, यावर आधी खर्च करा.

आणि एक काम आजच सुरू करा. जुन्या कॅसेटींना बुरशी चढते आहे. नव्या प्रोजेक्टांचंही आयुष्य तेवढंच, कारण त्यातलं एखादं प्लगइन उद्याच्या मशीनवर नसेल तर गाणं अर्धं उघडतं. म्हणून प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेव्ह फाइल करून काढा. मिनिटाच्या स्टिरिओला साधारण दहा एमबी लागतात, एवढी जागा आता कुणाकडंही आहे. फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि पट्टी लिहा, आणि एक प्रत गाणाऱ्याच्या घरी द्या.