परक्या संगणकावर काम करताना : प्रस्तावना

1857 च्या जानेवारीत बराकपूरच्या छावणीत रात्री-अपरात्री आगी लागू लागल्या. जळालेल्या इमारतींत तारघराचा बंगलाही होता. 29 मार्च आणि मंगल पांडे शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना माहीत असतात. तारघर मात्र सहसा विसरले जाते. लांबून चालणाऱ्या सत्तेची तार जिथे जमिनीला टेकते, तिथेच ती पकडता येते आणि तोडताही येते. दूरस्थ प्रवेशाच्या सुरक्षेकडे वळणाऱ्या अभ्यासकाने बराकपूरपासून सुरुवात करावी, ती एवढ्यासाठी.

आजचे बराकपूरही या विषयाला परके नाही. हुगळीच्या काठाने टिटागढ, जगद्दल, नैहाटी अशा गावांतून पसरलेल्या या उपविभागात तागाच्या गिरण्या आहेत, नर्सिंग होम आहेत, छोटी दुकाने आहेत. अशा ठिकाणी पगारपत्रकाचे किंवा बिलिंगचे सॉफ्टवेअर अडले की कारकून फोन लावतो. पलीकडचा माणूस कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये बसलेला असेल किंवा पुण्यात. तो पडद्यावरचा क्रमांक विचारतो, कारकून तो वाचून दाखवतो, आणि माऊसचा बाण आपोआप हलू लागतो. इचलकरंजीच्या सूतगिरणीत, सांगलीच्या पतसंस्थेत, कोल्हापूरच्या साखर कारखान्यात हेच घडते. दुरुस्ती होते, फोन ठेवला जातो. पण दिलेला प्रवेश परत घेतला का, हे कोणी विचारत नाही. या क्षेत्राचा सगळा अभ्यास त्या न विचारलेल्या प्रश्नाभोवती उभा आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाने 31 जुलै 2024 हा दिवस आठवावा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि स्टेट बँक यांची संयुक्त कंपनी लहान बँकांना तंत्रसेवा पुरवते. तिच्या यंत्रणेत रॅन्समवेअर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, शिरल्याचे दिसताच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिला देयक व्यवस्थेपासून तोडले आणि देशभरातल्या सुमारे 300 सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. हल्लेखोर एका भागीदार कंपनीच्या चुकीच्या मांडणीच्या सर्व्हरमधून शिरले, असे सुरक्षा संशोधकांनी नंतर मांडले. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का असल्याचे तेव्हा सांगितले गेले. ज्याचे एकच खाते आणि तेही गावच्या बँकेत, त्याच्यासाठी मात्र त्या दिवशी शंभर टक्के व्यवहार बंद होते. बँकेने काही चूक केली नव्हती, खातेदाराने तर नाहीच. चूक पुरवठादाराच्याही पुरवठादाराकडे होती.

साखळी किती लांब जाते हे स्वीडनमध्ये त्याआधीच दिसले होते. 2 जुलै 2021 रोजी कासेया या अमेरिकी कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी वापरून रेव्हिल टोळीने जगभरात सुमारे 1500 व्यवसायांपर्यंत रॅन्समवेअर पोहोचवले. स्वीडनच्या कूप या किराणा साखळीने कासेयाशी कधी व्यवहार केला नव्हता. तिच्या गल्ल्यावरच्या यंत्रांची देखभाल करणारी कंपनी ते सॉफ्टवेअर वापरत होती. तेवढ्यावर कूपच्या सुमारे 800 दुकानांपैकी बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली.

नवा अभ्यासक बहुधा पासवर्डपासून सुरुवात करतो. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणणारा मायक्रोसॉफ्टचा रिमोट डेस्कटॉप 1998 मध्ये विंडोज एनटी 4.0 च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून आला, तो कार्यालयाच्या आतल्या जाळ्यासाठी. पुढे सोयीसाठी लोकांनी त्याचे 3389 हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडे केले. मे 2019 मध्ये ब्लूकीप ही त्रुटी उघड झाली, तिच्यात पासवर्डची गरजच नव्हती. धोका एवढा मोठा, की पाच वर्षांपूर्वीच आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. पोर्टचा क्रमांक बदलून निश्चिंत राहणारे पुरवठादार आजही भेटतात. तो बदल शोधणाऱ्याला काही क्षण उशीर करतो, एवढेच.

या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुरवठादारांना सहसा सांगितला जात नाही: धोका दोन्ही दिशांनी वाहतो. ग्राहकाच्या यंत्रावर आधीच विषाणू बसलेला असेल आणि तंत्रज्ञ त्यात आपल्या अधिकाराने शिरला, तर त्याच्या ओळखीचा पुरावा त्या यंत्राच्या स्मृतीत राहू शकतो आणि तिथून चोरीला जातो. फाइल इकडून तिकडे नेण्यासाठी तो स्वतःची ड्राइव्ह जोडतो, तेव्हा त्याची ड्राइव्ह ग्राहकाच्या यंत्राला दिसू लागते. सामायिक क्लिपबोर्डचेही तसेच. दूषित सर्व्हर जोडणी करणाऱ्याच्याच संगणकावर हव्या त्या ठिकाणी फाइल टाकू शकतो, हे चेक पॉइंटच्या संशोधकांनी 2019 मध्ये करून दाखवले. अशा एका तंत्रज्ञाकडे पन्नास ग्राहकांची खाती असली, तर एका गिरणीतली घाण पन्नास ठिकाणी पोहोचते. म्हणून ग्राहकाने प्रवेश आवळला की पुरवठादाराने नाराज होऊ नये. ती त्याच्या धंद्याचीही राखण आहे.

संगणकशास्त्रज्ञ जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी 1975 च्या निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले: कामाला लागेल तेवढाच अधिकार द्यावा. पुरवठादाराच्या बाबतीत त्याला काळाची मर्यादा जोडावी लागते. प्रत्येक तंत्रज्ञाचे स्वतःच्या नावाचे खाते हवे. सगळ्यांचे मिळून एक ‘सपोर्ट’ खाते नको. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी हवी, मधल्या गेटवेतून जाणारा रस्ता हवा, सत्राची नोंद हवी. आणि प्रवेश ग्राहकाने उघडावा, कामाची वेळ संपताच तो आपोआप मिटावा. ही शेवटची अट सर्वांत अवघड, कारण महिनाअखेरीला पहाटे दोन वाजता सर्व्हर पडतो तेव्हा उघडून देणारा माणूस झोपलेला असतो. ही अडचण खरी आहे. जो सिद्धांत तिच्याकडे पाठ फिरवतो तो माझ्या लेखी कच्चा आहे.

नियमांची बाजू थोडक्यात पाहू. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवायची आणि नोंदी 180 दिवस जपायच्या. रिझर्व्ह बँकेचा माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचा निर्देश 10 एप्रिल 2023 चा. तो 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाला. त्यातून पहिल्या दोन स्तरांतल्या लहान नागरी सहकारी बँका तेव्हा वगळल्या होत्या. ज्यांच्याकडे स्वतःचा तंत्रज्ञ नसतो, पुरवठादारावर ज्यांची सर्वाधिक भिस्त असते, त्याच या बँका. इथे कामाला भरपूर जागा आहे.

हे क्षेत्र केवळ संगणक अभियंत्यांचे नाही. करार लिहिणारा वकील, नोंदी तपासणारा लेखापरीक्षक, माणूस फोनवरच्या आवाजावर विश्वास का ठेवतो याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ, सगळ्यांची इथे गरज आहे. एनीडेस्क हे दूरस्थ प्रवेशाचे अ‍ॅप उतरवायला लावून खाती रिकामी करण्याच्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केले होते. लुटारू वापरतो तेच साधन, तीच वाक्ये, तोच क्रमांक प्रामाणिक तंत्रज्ञही मागतो. त्या कारकुनाने दोघांत फरक करावा तरी कसा? प्रवेशाची परवानगी मागणारी खिडकी बहुधा इंग्रजीत उघडते. कोण येत आहे, काय पाहणार आहे आणि कधी जाणार आहे, हे टिटागढच्या कारकुनाला बंगाली-हिंदीत आणि इचलकरंजीच्या कारकुनाला मराठीत सांगणारी खिडकी तयार करणे हे एखाद्या विद्यार्थ्याला वर्षभर पुरेल असे काम आहे. ते त्याने जरूर हाती घ्यावे.