मेढी, मुसळ आणि मालकी : डहाणू-तलासरीच्या वारली घरातले लाकूड

डहाणू-तलासरीकडच्या जुन्या वारली घरात स्वयंपाकासाठी निराळी खोली सहसा नसे. एकाच छपराखाली एका बाजूला गुरे, दुसरीकडे चूल आणि चुलीच्या आसपास धान्याच्या कणग्या असत. घराचा सगळा भार जमिनीत रोवलेल्या लाकडी मेढींवर असे. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या उभ्या करून शेणमातीने लिंपलेल्या. वारली चित्रे काढली जात ती याच भिंतींवर.

चुलीच्या वर माळा असे. खालून येणाऱ्या धुराने माळ्यावरचे बियाणे कोरडे राही, वाशांनाही कीड कमी लागे. भात कांडण्याचे उखळ जमिनीत पक्के बसवलेले असे आणि मुसळ खैरासारख्या जड लाकडाचे. हे बहुतेक काम घरचीच माणसे कुऱ्हाड-कोयत्याने करत. सुताराला द्यायला पैसा नव्हता. लाकडाची जाण मात्र पुरेपूर होती.

त्या लाकडावरचा हक्कच पुढे हिरावला गेला. १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. घरासाठी मेढ तोडणे, भाताच्या रोपांच्या वाफ्यावर राब जाळायला फांद्या छाटणे, गुरे चारणे या रोजच्या गोष्टींवर सरकारी बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. डहाणूवरून जाणारी रेल्वे मुंबईला १८६४मध्येच जोडली गेली होती. डहाणूचे लाकूड शहरात नेणे त्यामुळे सोपे झाले होते. ठेकेदारांसाठी झाडे तोडणारे, ओंडके वाहणारे हात आदिवासींचेच होते. ज्याच्या कुऱ्हाडीने शहरातली घरे उभी राहिली, त्याला स्वतःच्या घराची मेढ आणायला मात्र मनाई, हा त्या व्यवस्थेतला उघड अन्याय होता.

मे १९४५मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. शामराव आणि गोदावरी परुळेकर या लढ्यात पुढे होते. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आंदोलक जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. पुढच्या वर्षी जंगलातल्या मजुरांनी संप केला. लाकूड व्यापाऱ्यांना अखेर रोजचा सव्वा रुपया मजुरी मान्य करावी लागली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ नोंदवून ठेवला आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराऐवजी मजुरांच्याच संस्थेने जंगलातला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला पट्टा, तोडावा, अशी त्यामागची योजना होती. तिने मजुरीचा प्रश्न हाताळला. घरासाठी लागणाऱ्या लाकडाच्या हक्काचा प्रश्न मागेच राहिला. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर मालकी दिली. बांबू त्यात येतो, इमारती लाकूड येत नाही. म्हणून कुडाच्या काठीवर आणि कणगीच्या कामट्यांवर कायद्याने मालकी मिळू शकते, सागाच्या मेढीवर नाही. दरम्यान घरकुल योजनांतून विटा-सिमेंटची घरे उभी राहत आहेत. तिथे स्वयंपाकाला ओटा आला, धुराचा माळा गेला आणि भात गिरणीत भरडला जाऊ लागला.