फोटोतली परमिट रूम कुठली?

समजा, उल्हासनगरातल्या एखाद्या घरी ट्रंकेत जुना फोटो सापडला. बैठ्या बराकीत हॉटेल, पुढे बाकडी, वर पाटी, मागे डोंगर. आज ते हॉटेल नाही. मग फोटो केव्हाचा आणि कुठला, हे कसे ठरवायचे? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावेच. पण आठवण ही साक्ष असते, आणि साक्ष तपासून घ्यावी लागते.

आधी काळ पाहू. पाटीवर 'परमिट रूम' असेल तर फोटो १९४९ च्या अलीकडचा. त्या साली मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून बंदी पूर्णपणे अमलात आली. परवाना असेल त्यालाच पिण्याची मुभा. त्यावरून हे नाव पडले. पुढे बंदी सैल झाली, नाव मात्र टिकले. पत्त्यात पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. चहाचा दर आण्यांत असेल तर? नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. पण येथे सावध राहावे. जुनी पाटी नंतरही वर्षानुवर्षे टांगलेली राहू शकते. नवी गोष्ट मात्र जन्मापूर्वीच्या फोटोत येऊ शकत नाही. म्हणून फोटोतली सर्वांत नवी वस्तू शोधावी.

आता जागा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासितांची सोय झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी सगळ्या सारख्याच, म्हणून पत्ताही कॅम्प आणि बराक यांच्या नंबरांचा. तेव्हा इमारतीवरून जागा कळणे कठीण. पण डोंगर हलत नाहीत. दक्षिणेकडे मलंगगड आणि चंदेरी दिसतात. उल्हासनगरहून पाहिले तर ही शिखरे एकमेकांच्या बरीच जवळ भासतात. अंबरनाथवरून बदलापूरकडे जावे तसे त्यांच्यातले अंतर वाढत जाते. फोटोतल्यासारखी डोंगररांग जेथून दिसेल, तेथेच फोटो काढणारा उभा असणार.

सावलीही मदत करते. आपल्याकडे दुपारी बाराच्या सुमारास सावली उत्तरेकडे पडते. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मात्र दक्षिणेकडे. दिशा कळली असेल तर ऋतूचा अंदाज येतो. त्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना, हे पाटीवरच्या अक्षरांवरून पाहून घ्यावे.

हा उपक्रम वर्गात सहज करता येईल. प्रत्येक निष्कर्षापुढे 'कशावरून?' हे लिहायला लावावे. हॉटेल कुठले होते, एवढ्यापुरताच हा प्रश्न नाही. सिंधमधून आलेल्या अनेकांची घरे-दारे, कागदपत्रे मागेच राहिली. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. या गावाच्या पहिल्या दिवसांची कागदपत्रे म्हणजे पुष्कळदा असे फोटोच. त्यांखाली चुकीची ओळ लिहिली गेली, तर पुढची पिढी तीच खरी मानील.