अकरा रुपये आणि घरची मंडळी

मंडळी, आज जरा शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ या.

कोकणात किंवा सातारा भागात फिरताना काही गावांत एखादी जुनी संगमरवरी पाटी दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, त्यांतले इतके कामी आले... बस्स, एवढाच मजकूर. नावं नाहीत, फक्त आकडे. अशी पाटी दिसली की मला तिच्यावर नसलेला आकडा छळतो. गेलेल्यांतल्या किती जणांच्या बायका मागे राहिल्या होत्या? आणि त्या चार-पाच वर्षांत ही दोघं एकमेकांशी बोलत तरी कशी होती?

प्रश्न घरचाच आहे. माझे पणजोबा मराठा पलटणीतून 'बसऱ्याला' गेले होते. म्हणजे आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात. त्यांच्या शौर्याच्या कथा आमच्याकडे नाहीत. आहेत त्या आजीने तिच्या सासूकडून ऐकलेल्या चार-दोन गोष्टी.

नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज इराणच्या आखाताच्या टोकाला फावला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हातात आलं. या मोहिमेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. पुढच्या चार वर्षांत जवळपास सहा लाख हिंदी माणसं त्या मुलखात जाऊन आली, किंवा गेली आणि आली नाहीत.

लढाई रोज नसते हो! रोज असतं ते खंदक खणणं, ओझी वाहणं, पहारा आणि वाट बघणं. उन्हाळ्यात अंगाची लाही करणारा उकाडा, हिवाळ्यात पाय रुतवणारा चिखल, आणि डास नि माश्या. भात खाऊन वाढलेल्या कोकणी माणसासमोर शिध्यात येई मुख्यतः कणीक आणि डाळ. ताजी भाजी इतकी दुर्मिळ की १९१६ साली हजारो हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. घरी परसातल्या अळवाला कोण विचारत होतं? तिथे बहुधा त्याचीच स्वप्नं पडत असतील.

आणि पत्रं? बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे, बहुतेक बायकांना वाचता येत नसे. म्हणजे नवरा सांगणार, पलटणीतला कुणी शिकलेला लिहिणार, सेन्सॉर वाचणार, गावात पोस्टमन नाहीतर मास्तर मोठ्याने वाचून दाखवणार, तेही सासऱ्यांसमोर! पत्र अर्थातच वडिलांच्या नावाने. बायकोचं नाव घ्यायचं नाही अशी रीत. मग ती पत्रात यायची 'कुटुंब' म्हणून, किंवा 'घरची मंडळी' म्हणून. एका माणसासाठी अनेकवचन... गर्दीत लपवल्यासारखं.

फ्रान्सच्या आघाडीवरल्या हिंदी शिपायांची पत्रं तपासायला १९१४ च्या अखेरीला हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक कचेरी उघडली होती. त्या कचेरीने इंग्रजीत उतरवून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली, चोरून वाचणाऱ्यांच्या नकला तेवढ्या उरल्या. त्यांत पीकपाणी आहे, गुरं आहेत, कोर्टकज्जे आहेत, भावाला भरती होऊ देऊ नका अशा विनवण्या आहेत. काही जण काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषाही वापरत. सेन्सॉरला ती कळत होती, ते सोडा!

पूर्वी मला वाटायचं, काय कोरडी पत्रं ही! आता वाटतं, चार परक्या माणसांच्या कानांवरून जाणारं वाक्य दुसरं कसं असणार? 'म्हशीला दूध किती आहे' हा प्रश्न म्हशीबद्दल असतोच असं नाही. घरात दूध आहे ना, पोराला मिळतं ना, तुझ्या वाट्याला येतं ना... एवढं सगळं त्या म्हशीच्या पाठीवर लादून पाठवलेलं असतं.

तसेच ते पैसे. शिपायाचा पगार महिना अकरा रुपये, मोहिमेवर वर थोडा भत्ता. त्यातला भाग घरी यायचा. आजी सांगायची, पोस्टमनने पैसे मोजले की पणजी ते सासऱ्यांकडे द्यायची, पण आधी क्षणभर मुठीत धरायची. पत्र सगळ्या घराचं असे. मुठीतला तो क्षण फक्त तिचा.

मग आलं कुतचं प्रकरण. डिसेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची फौज कुत-अल-अमारा इथे वेढली गेली. जवळपास पाच महिने वेढा. घोडे कापून खायची वेळ आली. धर्म बुडेल या भीतीने बहुतेक हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंचे निरोप मागवून त्यांची समजूत घालावी लागली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यानंतर वाळवंटातली पायपीट, तुर्कांच्या छावण्या आणि रेल्वेमार्गावरची मजुरी. हजारो कैदी मेले.

पणजोबा त्या कैद्यांत होते. घरी पत्र नाही, मेल्याची तारही नाही. मग कुंकवाचं काय करायचं? भावकीत कुजबुज सुरू झाली. एका जावेने तोंडावर विचारलंदेखील. पणजीने उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावून पाण्याला गेली म्हणे. दोन वर्षांहून जास्त काळ तिने हे रोज केलं. युद्ध संपल्यावर पणजोबा हाडांचा सापळा होऊन आले. तिकडचं कधी बोलले नाहीत. फक्त ताटात अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे.

ते परतले म्हणून आमच्या घरात ही गोष्ट तरी आहे. परत न आलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला भव्य स्मारक झालं. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीखाली आकडा आला. १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारकही उचलून दूर वाळवंटात नेलं.

शिपायाचा निदान आकडा तरी झाला. तिचा तोही नाही. तिला शोधायचं तर त्या एका शब्दात, 'मंडळी'त.

तुमच्या घरी एखाद्या जुन्या ट्रंकेत असा कागद असेल, मनीऑर्डरची पावती, पेन्शनचं पुस्तक, तर रद्दीत घालू नका. आत्या, काकू, मावशी अजून आहेत तोवर विचारून घ्या. आणि पत्रात म्हैस आली, तर ती ओळ दोनदा वाचा.