मांसासाठी मेंढीपालन (बालाघाट डोंगर, बीड जिल्हा)

डोंगरमाळावरच्या चराईवर मेंढ्या वाढवून मांसासाठी विकण्याचा हा व्यवसाय बीड, पाटोदा व आष्टी तालुक्यांत प्रामुख्याने धनगर समाजाकडे आहे. सोलापूर–धुळे महामार्ग मांजरसुंब्याजवळ बालाघाटाचा घाट ओलांडतो. भोवतालचे पठार मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. बरीचशी जमीन पेरणीपेक्षा चराईलाच बरी.

कळप मुख्यतः दख्खनी जातीचे. ही मेंढी काटक व पायाने चिवट. पूर्ण वाढलेली मादी साधारण 25 ते 30 किलो भरते. तिची भरड लोकर घोंगडीखेरीज फारशी कामाची नाही, त्यामुळे मिळकत नर कोकरांवरच. वजनासाठी काही जण सांगलीकडच्या जत तालुक्यातला थोराड माडग्याळ नर कळपात सोडतात. अर्थात त्याच्या पिलांना खुराकही तसाच लागतो.

पावसाळ्यात मारवेल, पवन्या ही गवते कोवळी असतात तोवर कळपाला वरून काही द्यावे लागत नाही. पावसाळा सरला की कुसळी पिकते. तिची कुसळे लोकरीत अडकून कातडीत आणि तोंडात रुततात. मग कळप डोंगर सोडून रिकाम्या शिवारात उतरतो. रात्री मेंढ्या शेतात बसवल्या की शेतकऱ्याला लेंडीखत आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. उन्हाळा बाभळीच्या शेंगांवर व पाल्यावर निघतो.

केवळ चराईवर कोकराचा सांगाडा वाढतो, मांस बेताचेच भरते. खाल्लेले बरेचसे चालण्यातच जाते. म्हणून तीन महिन्यांची नर कोकरे वेगळी काढून गोठ्यात तुरीचे भुसकट, मक्याचा भरडा, तूरचुणी व शेंगदाणा पेंड देतात. खुराक मूठभरापासून सुरू करून दहा-बारा दिवसांत 250 ग्रॅमपर्यंत नेतात. इथे घाई नडते. एकदम धान्य पडले की पोटात आम्ल साचते किंवा आंत्रविषार होतो, आणि रात्रीत दगावते ते बहुधा सर्वांत खादाड, अंग धरलेले कोकरू. आंत्रविषाराची लस यासाठीच पावसाळ्यापूर्वी टोचतात. जंताचे औषधही खुराकाआधीच द्यावे लागते, नाहीतर पेंड अंगी लागत नाही. दिवसाला 100 ग्रॅम वाढ मिळाली तरी तीन महिन्यांत 9 किलो वजन चढते.

आठवडी बाजारात व्यवहार अजूनही बराचसा नजरेवर चालतो. व्यापारी शेवटच्या बरगडीमागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटे दाबतो. हाडाची टोके हाताला लागली तर भाव पाडतो. वजनकाट्यावर विकणे मेंढपाळाच्या फायद्याचे, कारण अंदाजातला एखादा किलोही सहसा त्याच्याच विरुद्ध जातो.

मागणी आखाडात, कंदुऱ्यांना व बकरी ईदला चढते, श्रावणात उतरते. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. गाभणकाळ पाच महिन्यांचा आणि विक्रीचे वय सहा-सात महिने असल्याने सणाचा हिशेब जवळपास वर्षभर आधी, नर सोडतानाच करावा लागतो.