ओढणें आणि आवरणें

मनुष्याच्या प्रगतीचें माप घ्यावयाचें झाल्यास तो किती ओझें ओढूं शकतो हें पहावें, असा समज आपल्यांत फार पूर्वींपासून रूढ आहे. घरीं नवा बैल आला कीं त्याची परीक्षा भरल्या गाडीस जुंपून होते, दारांत नवी डिझेलची पिकअप गाडी उभी राहिली कीं शेजारी पहिला प्रश्न विचारतो तो हाच कीं, "किती ओढते?" इतिहासलेखकही या समजुतीस अपवाद नाहींत. पहिलें वाफेचें एंजिन किती अश्वशक्तीचें होतें, पहिल्या आगगाडीनें किती डबे ओढले, हें त्यांच्या ग्रंथांत हटकून सांपडतें. तें एंजिन किती अंतरांत थांबत असे हें शोधूं गेल्यास मात्र पुष्कळ पानें उलटावीं लागतात. वस्तुतः ओझ्याच्या इतिहासास दोन अंगें आहेत. ओढणें हें एक व आवरणें हें दुसरें. पहिल्याचा गाजावाजा होतो, दुसरें मागाहून येतें. आणि दोहोंच्या मध्यें जो काळ जातो त्याची किंमत बहुधा वाटेवरच्या तिऱ्हाइतास द्यावी लागते. प्रस्तुत लेखांत हा सिद्धान्त भीमाकांठच्या दौंड व शिरूर या दोन तालुक्यांच्या उदाहरणानें तपासून पहावयाचा आहे.

या प्रदेशाचा जड ओझ्यांशीं संबंध आगगाडीच्याही आधींचा आहे. शिरूर तालुक्याच्या सीमेजवळ, भीमा व इंद्रायणी यांच्या संगमावर तुळापूर हें गांव आहे. आदिलशाहीचा कारभारी मुरार जगदेव यानें इ. स. १६३३ त येथें आपल्या हत्तीची तुला केली व त्यावरून पूर्वीच्या नागरगांवास तुळापूर हें नांव पडलें, अशी परंपरागत कथा आहे. हत्ती तोलावा कसा, असा प्रश्न पडला तेव्हां शहाजीराजांनीं तो नावेंत चढविला, नाव कोठवर बुडते तेथें खूण करविली, आणि हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड तींत भरून ते दगड तोलले, असें सांगतात. याच मुरार जगदेवानें आदल्या वर्षीं, म्हणजे १६३२ त, परांड्याच्या किल्ल्यावरची मलिक-इ-मैदान ही तोफ विजापुरास नेली होती. अहमदनगरास १५४९ त ओतलेल्या या तोफेचें वजन सुमारें ५५ टन सांगतात. ती ओढण्यास दहा हत्ती, चारशें बैल व शेंकडों माणसें लागलीं अशी प्रसिद्धि आहे. कथांतील तपशिलाविषयीं येथें वाद घालण्याचें कारण नाहीं. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, अचाट ओझें ओढणें आणि अचाट ओझें तोलणें या दोन्ही गोष्टी लोकांनीं एकाच पुरुषाच्या नांवावर जोडल्या. आवरण्याची पहिली पायरी तोलणें ही होय. जें किती आहे हें ठाऊक नाहीं, तें आवरतां येत नाहीं.

बैलाच्या काळांत आवरण्याचें काम ओढणाराच करी. उतार लागला कीं गाडीवान कासरा आंखडी, गाडीचा रेटा जुंवावाटे बैलांच्या मानेवर येई, आणि बैल पाय रोवून तो पेलीत. ही व्यवस्था बैलास सुखाची होती असें मुळींच नाहीं. जूं ज्या ठिकाणीं घासतें तो भाग सुजतो, सोलतो. पोळ्याच्या आदल्या दिवशीं होणारी खांदेमळणी हा आपण केवळ सण मानतों, पण लोणी आणि हळद लावण्याची वेळ ज्या खांद्यांवर येते त्यांनीं वर्षभर काय सोसलें याची ती कबुलीही आहे. तथापि त्या व्यवस्थेंत एक मर्यादा आपोआप सांभाळली जाई. ओझें फार झालें म्हणजे बैल बसतो. चाबूक, पराणी, शिव्या, सारें व्यर्थ होतें. शेवटीं गाडीवानास चार पोतीं उतरवावींच लागतात. आपल्या सरकारनें १९६५ त ओझ्याच्या जनावरांविषयीं नियम केले आणि लोखंडी धांवेच्या गाडीस किती, हवेच्या टायरच्या गाडीस किती, हें वजनानिशीं ठरवून दिलें. परंतु कायद्याच्या कितीतरी आधीं बैलानें आपला नियम आपणच घालून ठेवला होता.

वाफेनें हा नियम मोडला. मुंबईहून निघालेल्या लोहमार्गाचा घाटमाथ्यावरील भाग घाटाच्या आधीं पुरा झाला. खंडाळा ते पुणें हा मार्ग १८५८ च्या जूनमध्यें, आणि पुण्याहून दौंडावरून डिकसळपर्यंतचा त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुरू झाला. बोरघाटांतला रूळ मात्र १८६३ च्या एप्रिलांत खुला झाला. मधल्या पांच वर्षांत उतारू डोलींतून, तट्टांवरून व गाड्यांतून घाट चढत. आणि ज्या एंजिनांनीं पुढें बैलांस या वाटेवरून निवृत्त करावयाचें, त्यांनाही पहिल्यानें रूळ नसलेल्या घाटांतून वाटेनेंच वर चढावें लागलें. पुढें १८७६ ते ७८ च्या दुष्काळांत उपाशी माणसांच्या श्रमांवर दौंड-मनमाड हा मार्ग बांधला गेला, तो १८७८ त चालू झाला, आणि भीमाकांठचें हें गांव दक्षिण व उत्तर यांस जोडणारा मोठा सांधा बनलें.

बोरघाटांत सोळा मैलांच्या आंत १८०० फुटांहून अधिक चढ आहे व कांहीं ठिकाणीं तो ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. हा चढ चढण्याचा प्रश्न इंजिनीयरांनीं जास्त एंजिनें लावून सोडविला. खरा अवघड प्रश्न उतरण्याचा होता. त्याकरितां उतारावर ठिकठिकाणीं मुख्य रुळापासून फुटून वर चढणारे आडरूळ बांधण्यांत आले. उतरणारी गाडी ताब्यांत आहे अशी खात्री होईपर्यंत सांधा त्या आडरुळाकडे असतो; गाडी बेफाम झालीच तर ती चढावर जाऊन दमते व थांबते. या योजनेमागील विचार मोठा नम्र आहे. उतरणारी प्रत्येक गाडी बेताल होऊं शकते असें तींत प्रथमच गृहीत धरलें असून, नेटकी उतरली तरच तिला पुढची वाट मोकळी मिळते. घाटांत १९२९-३० च्या सुमारास विजेचीं एंजिनें आलीं, तेव्हां उतारावर त्यांच्याच मोटारींनीं वीज निर्माण करून गाडी रोखण्याची सोय झाली. म्हणजे ओढणारें यंत्र आवरणारेंही झालें. पण त्यास सुमारें पाऊणशें वर्षें लागलीं.

इतरत्रही हाच क्रम दिसतो. अमेरिकेंत वेस्टिंगहाउसनें हवेच्या दाबाचा ब्रेक १८६९ त काढला आणि १८७२ त त्यास असें रूप दिलें कीं, डबे तुटून अलग झाले तर ते आपोआप थांबावे. उपाय ठाऊक होता. परंतु कंपन्यांस खर्च दिसत होता. १८८९ च्या जून महिन्यांत आयर्लंडमधील आर्मा गांवाजवळ मुलांनीं भरलेली सहलीची गाडी चढावर अडली. मार्ग मोकळा करण्याकरितां तिचे दोन भाग केले गेले. मागील डबे स्वतंत्र होतांच त्यांचा ब्रेक निकामी झाला, ते उतारावरून मागें घरंगळले व मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ऐंशीं माणसें मेलीं, त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें उतारूंच्या प्रत्येक गाडीस अखंड व आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेनें मालगाड्यांसकट हा नियम १८९३ त केला. सतरा-वीस वर्षें जें माहीत होतें तें करावयास भाग पाडण्यास मुलांचीं प्रेतें पडावीं लागलीं, हें यंत्रयुगाच्या इतिहासांतलें लज्जास्पद पान आहे.

आतां डिझेलकडे वळूं. रुडोल्फ डिझेल यानें आपल्या कल्पनेचें पेटंट १८९२ त मागितलें आणि १८९७ त आउग्सबर्ग येथें त्याचें एंजिन यशस्वी झालें. या एंजिनांत ठिणगी नसते; हवा इतक्या जोरानें दाबली जाते कीं ती तापून आंत सोडलेलें तेल आपोआप पेटतें. यामुळें इंधन कमी लागतें व एंजिन संथ फिरत असतांही चाकावर भरपूर जोर मिळतो. जड ओझें जागचें हलविण्यास नेमका हाच गुण हवा असतो. म्हणून जहाज, आगगाडी, मालमोटार, ट्रॅक्टर अशा क्रमानें डिझेलनें जगांतील सारीं ओझीं आपल्याकडे घेतलीं. आपल्याकडे १९६२ पासून २६०० अश्वशक्तीचीं डिझेल एंजिनें आलीं, १९६४ पासून तीं वाराणसीस बनूं लागलीं. पुणें-दौंड मार्गावर २०१७ त विजेच्या तारा येईपर्यंत पुण्यापुढचा भार डिझेलच वाहत होतें.

या तालुक्यांत डिझेलची खरी क्रांति झाली ती मात्र रुळांवर नव्हे, शिवारांत. खडकवासल्याच्या कालव्याचें पाणी दौंडावरून इंदापुराकडे गेलें, घोड नदीवर चिंचणीचें धरण झालें, बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला, आणि पाटस, न्हावरें, आलेगांव येथें साखर कारखाने निघाले. ऊंस तोडल्याबरोबर त्याचें वजन व साखर घटूं लागते. म्हणून तो त्वरेनें व मोठ्या प्रमाणांत वाहावा लागतो. पूर्वीं हें काम बैलगाड्या करीत, कोठें कोठें आजही करतात. पण मुख्य भार आतां ट्रॅक्टरवर आहे, आणि एका ट्रॅक्टरमागें एक नव्हे, दोन ट्रॉल्या असतात. दिवाळीनंतर रात्रीं या रस्त्यांवरून जाणाऱ्यास हा देखावा परिचित आहे: पुढें एक लहानसें यंत्र, मागें दोन हलते डोंगर, आणि शेवटच्या डोंगरास दिवा असेलच अशी खात्री नाहीं.

येथें थोडें गणित करूं. समजा ट्रॅक्टर अडीच टनांचा आहे व उंसानें भरलेली प्रत्येक ट्रॉली दहा टनांची. एकंदर साडेबावीस टन झाले, म्हणजे ट्रॅक्टरच्या नऊपट. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतःचे ब्रेक नसतात, आणि चार चाकांची ट्रॉली आपला भार ट्रॅक्टरवर टाकीत नाहीं. तेव्हां सारें आवरण्याचें काम ट्रॅक्टरच्या चाकांसच करावें लागतें. एकटा ट्रॅक्टर ज्या वेगांत दहा मीटरांत थांबेल, त्याच वेगांत या साऱ्या लटांबरास सुमारें नव्वद मीटर हवेत. वेग दुप्पट झाला तर हें अंतर चौपट होईल. उतारावर तर मागचें ओझें पुढच्या यंत्रास ढकलूं लागतें, आणि दांडीपाशीं सारें कात्रीसारखें मिटतें. बैल अशा वेळीं मुळांत निघालाच नसता. डिझेल बसत नाहीं; तें धूर ओकून कां होईना, पण निघतें. त्याच्या या आज्ञाधारकपणांतच सारा धोका आहे.

अमेरिकेंत हौसेनें घरें, नावा, घोडे मागें बांधून ओढणाऱ्या डिझेल पिकअप गाड्यांचें फार प्रस्थ आहे. तेथेंही पूर्वीं प्रत्येक कारखानदार आपली गाडी इतकें ओढते असा आंकडा आपणच ठरवी आणि चढाओढीनें तो वाढवीत जाई. पुढें २००८ त तेथील मोटार-इंजिनीयरांच्या संस्थेनें एक सामाईक कसोटी ठरविली. तींत आरिझोनांतील एका लांब चढावर ओझ्यासह चढून दाखवावें लागतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं, ओझ्यासह ताब्यांत राहून थांबूनही दाखवावें लागतें. शिवाय तेथील बहुतेक संस्थानांत ठराविक वजनावरील ट्रेलरास स्वतःचा ब्रेक असणें सक्तीचें आहे. जें हौसेच्या ओझ्यास लागू केलें जातें, तें पोटाच्या ओझ्यास लागू करण्यास आपल्याकडे काय अडचण असावी?

अडचण अर्थातच पैशाची आहे, आणि ती तुच्छतेनें उडवून देण्यासारखी नाहीं. वाहतूकदारास मोबदला टनावर मिळतो. ट्रॅक्टरवर कर्ज आहे. मजुरांची टोळी आणण्याकरितां मुकादमास उचल दिलेली आहे. त्या उचलीपायीं कोयता घेऊन नगर-बीडकडून आलेलें जोडपें पहाटेपासून फडांत उभें आहे. आणि उंसास तुरा येण्याआधीं तोड मिळावी म्हणून शेतकरी रोज खेटे घालीत आहे. दुसरी ट्रॉली काढून टाका म्हणणें सोपें. पण तिच्यावर या सर्वांचें गणित टेकलेलें आहे. म्हणून केवळ ट्रॅक्टरवाल्यास दोष देऊन स्वस्थ बसणें मला अन्यायाचें वाटतें. तो या सांखळीचा सर्वांत पुढचा, पण सर्वांत लहान दुवा आहे. ट्रॉलीस ब्रेक, मागें दिवा व चमकती पट्टी, सक्तीची वेगमर्यादा यांचा खर्च टनामागें वाटून पाहिल्यास अल्पच निघेल. तो कारखान्याच्या हिशोबांत घातला पाहिजे, कारण ओझ्याचा मोठा लाभ तेथेंच जमा होतो. फाटकांतल्या कांट्यावर प्रत्येक ट्रॉली किलोपर्यंत तोलली जाते. म्हणजे ती किती जड आहे हें कारखान्यास पक्कें ठाऊक असतें. तोलणारा आहे, ओढणारा आहे. आवरण्याची जबाबदारी तेवढी कोणाचीच नाहीं.

रात्रपाळीहून दुचाकीवर घरीं परतणारा मनुष्य बंद पडलेल्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळतो, तेव्हां त्यास आपण अपघात म्हणतों. आर्मा येथील डब्यांच्या घसरण्यासही प्रथम तोच शब्द लावला गेला असेल. उपाय ठाऊक असूनही जें टळत नाहीं, त्यास इतिहास अपघात म्हणत नाहीं. बोरघाट बांधणाऱ्यांनीं आडरूळ घातला तो गाडी घसरण्याची वाट न पाहतां. तुळापुरासही नावेवर खूण केली ती नाव पाण्यावर होती तेव्हांच. भीमाकांठच्या रस्त्यांसंबंधीं तेवढी दूरदृष्टि आपल्या पिढीनें दाखवावी, इतकीच अपेक्षा आहे.