स्वरांची बाराखडी

पेटीच्या एका सप्तकात बारा पट्ट्या असतात. स्वरांची नावे मात्र आपल्याजवळ सातच. उरलेल्या पाच पट्ट्यांचे काम आपण 'कोमल' आणि 'तीव्र' या विशेषणांवर भागवतो. लिहिताना हे चालून जाते. गाताना मात्र कोमल रे असो की शुद्ध रे, तोंडातून निघतो तो 'रे'च. शिकणाऱ्या मुलाने फरक ओळखायचा तो केवळ कानाने. नावाची त्याला काहीच मदत होत नाही.

बारा स्वरांची ही कथा, तर सप्तकाचे २४ किंवा ३१ समान भाग करणाऱ्यांनी नावे आणायची कोठून? हा प्रश्न वाटतो तितका आजकालचा नाही. त्याची मुळे शोधू लागलो, की आपण थेट एका शिक्षकापाशी जाऊन पोचतो.

हा शिक्षक म्हणजे इटलीतील अरेझ्झो गावचा ग्विदो. अकराव्या शतकात चर्चमधील मुलांना स्तोत्रे शिकवणे हे त्याचे काम. मुले ऐकून पाठ करीत आणि त्यात वर्षे जात. ग्विदोला एक लॅटिन स्तोत्र उपयोगी पडले. त्याच्या पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वरून सुरू होत असे. त्या चरणांची पहिली अक्षरे घेऊन त्याने नावे केली : उत्, रे, मि, फा, सोल्, ला. आपल्या एका मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की पूर्वी दहा वर्षांतही जे धड साधत नसे, ते आता एका, फार तर दोन वर्षांत येते. पुढे 'उत्'चा 'डो' झाला आणि 'सी' हा सातवा स्वर आला. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेलेला 'सोल्फेजो' तो हाच.

पण ही नावे सातच. मधल्या स्वरांचे काय? याचे एक सुरेख उत्तर इंग्लंडमध्ये निघाले. नॉरिच शहरातील सारा ग्लोव्हर या बाईंनी गरीब मुलांना गाणे शिकवताना एक पद्धत बसवली आणि १८३५ साली ती पुस्तकरूपाने छापली. 'सोल्' आणि 'सी' ही दोन्ही नावे एकाच अक्षराने सुरू होतात, म्हणून 'सी'चे 'टी' करण्याची सुधारणा त्यांचीच. आता प्रत्येक स्वर केवळ आद्याक्षराने लिहिता येऊ लागला. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाने ही पद्धत वाढवून 'टॉनिक सोल-फा' या नावाने जगभर नेली. मिझोराममधील चर्चच्या गीतपुस्तकांत ती आजही छापली जाते. या पद्धतीत मधल्या स्वरांसाठी व्यंजन तेच ठेवून स्वरचिन्ह बदलतात. 'डो' चढला की 'डी' होतो, 'रे' उतरला की 'रॉ' होतो. व्यंजन सांगते घर कोणते आणि मात्रा सांगते घरातली जागा कोणती.

बाराखडी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल, आणि ती आपल्या देशात फार जुनी आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या दरबारी असलेल्या वेंकटमखीने 'चतुर्दंडीप्रकाशिका' हा ग्रंथ लिहिला. त्यात र-रि-रु, ग-गि-गु, म-मि, ध-धि-धु, न-नि-नु अशी नावे आहेत. सा आणि प धरून ही नावे सोळा होतात आणि स्थाने मात्र बारा, कारण चार ठिकाणी एकाच स्थानाला दोन नावे मिळतात. त्याहीपूर्वी, सुमारे सातव्या शतकात, पुदुकोट्टैजवळच्या कुडुमियामलै येथे खडकावर कोरलेल्या लेखात सात स्वरांची अक्षरे अ, इ, उ, ए या चार मात्रांनिशी येतात. या लेखाचे वाचन पी. आर. भांडारकर यांनी 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केले. त्या मात्रांचा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण मात्रा बदलून स्वराचे रूप सांगण्याची कल्पना त्यात उघड दिसते.

आता बारापलीकडे जाऊ. स्वरांतर मोजण्यासाठी सप्तकाचे १२०० भाग मानतात. एका भागाला 'सेंट' म्हणतात. पेटीवरील दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंटचे अंतर असते. कंपनसंख्यांचे गुणोत्तर ५:४ असलेला नैसर्गिक गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर येतो. पेटीचा गंधार मात्र ४०० वर, म्हणजे १४ सेंट चढा. हा दोष कसा जाईल याचा विचार करताना डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्झ याने १६९१ साली लॉगरिदमच्या साहाय्याने सप्तकाचे ३१ समान भाग केले. प्रत्येक भाग ३८.७ सेंटचा, असे दहा भाग मिळून ३८७ सेंट होतात. गंधार जवळजवळ नेमका सापडला! पंचम मात्र अठरा भागांवर, म्हणजे ६९७ सेंटवर येतो. नैसर्गिक पंचम ७०२ वर असल्याने तो ५ सेंट उतरा राहतो. हायगेन्झचे हे गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोक्कर यांनी अभ्यासले आणि १९५० साली हार्लेमच्या टेलर संग्रहालयात ३१ स्वरांचा ऑर्गन उभा केला. २००९ पासून तो अॅम्स्टरडॅममध्ये आहे.

या ३१ स्वरांना नावे कशी द्यावीत? आपण फळ्यावर करून पाहू. सा ते रे हे पूर्ण अंतर ५ भागांचे आणि ग ते म हे अर्धे अंतर ३ भागांचे असते. सप्तकात पूर्ण अंतरे पाच आणि अर्धी दोन, म्हणून २५ + ६ = ३१. आता प्रत्येक व्यंजनाला पाच मात्रा द्या. दोन भाग उतरा तो 'उ', एक भाग उतरा तो 'ओ', शुद्ध तो 'आ', एक भाग चढा तो 'ए' आणि दोन भाग चढा तो 'ई'. म्हणजे सा, से, सी, रु, रो, रा असे चढत जाता येते. सात व्यंजने आणि पाच मात्रा मिळून नावे होतात ३५. पण ग आणि म यांच्या मध्ये दोनच जागा असल्याने 'गे' आणि 'मु' एकच, तसेच 'गी' आणि 'मो' एकच. नी आणि वरचा सा यांच्यामध्येही तसेच. चार नावे दुहेरी झाली. ३५ उणे ४ बरोबर ३१! वेंकटमखीच्या सोळातूनही चारच वजा होऊन बारा उरले होते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पेटीवर ज्यांची पट्टी एकच, ते चढा सा आणि उतरा रे येथे 'सी' आणि 'रु' असे खरोखरच दोन निराळे स्वर आहेत, हेही त्यांना दिसेल.

मग नावे मिळाली की प्रश्न सुटला काय? अरबी संगीताचा अनुभव येथे बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात मिखाईल मशाका यांच्या ग्रंथाने सप्तकाचे २४ समान भाग ही कल्पना तिकडे प्रसिद्ध झाली. तेथे स्वरांची जुनी फारसी नावे होती : दुगाह, सेगाह, चहारगाह, म्हणजे दुसरे, तिसरे, चौथे स्थान. मधल्या पाव स्वरांसाठी नावाआधी उतरत्याला 'नीम' आणि चढत्याला 'तीक' लावीत. 'नीमहकीम'मधला 'नीम' तो हाच. पण १९३२ साली कैरो येथे भरलेल्या अरबी संगीत परिषदेत, जिला बार्टोकसारखे संगीतकार हजर होते, या समान भागांवरून मोठे मतभेद झाले. तुर्की गायकाचा सेगाह अरबी गायकाच्या सेगाहपेक्षा चढा लागतो. नाव एक, घर एक, स्वर मात्र दोन!

आपल्याकडेही असेच घडले. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली २२ श्रुतींची गुणोत्तरे मांडली. हे भाग समान नव्हते. त्यांच्या आणि क्लेमंट्स या न्यायाधीशाच्या प्रयत्नांतून श्रुतींची पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती मांडली गेली, पण गायकांचे समाधान झाले नाही. गायकाचा आंदोलित गंधार एका पट्टीवर थांबत नाही, तो हलत असतो.

तेव्हा नावाचे काम कोणते, हे नीट ओळखले पाहिजे. नाव म्हणजे स्वर नव्हे. ते स्वराकडे दाखवणारे बोट आहे. पण ते बोट नसेल तर मुलाने पाहायचे कोठे? ज्याला नाव नाही तो फरक वर्गात विचारता येत नाही, चुकला तर दुरुस्तही करता येत नाही. ग्विदोची चर्चमधली मुले आणि ग्लोव्हरबाईंची गरीब मुले गाऊ लागली ती नावांमुळेच. पुढच्या संगीताच्या तासाला कोमल रे साठी 'रु' आणि शुद्ध रे साठी 'रा' म्हणवून पाहावे, आणि नंतर तंबोऱ्यासमोर बसवून नावे विसरायला सांगावे. या दोन्ही गोष्टी शिकवायला हव्यात, असे आम्हांला वाटते.